पहिली एकट्याची पायी नर्मदा परिक्रमा आणि परतीचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायी नर्मदा परिक्रमेला, म्हणजे दोन्ही काठांनी चालत नर्मदेला पूर्ण प्रदक्षिणा घालायला, पहिल्यांदा आणि तेही एकट्याने निघणारे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे वाटेतल्या डोंगर-जंगलाच्या अवघड टप्प्याबद्दल, सगळेच भरभरून विचारतात. घर कसं मागे ठेवायचं आणि परत कसं यायचं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. म्हणून त्या भागाला इथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे. परिक्रमावासी काठावरच्या माणसांच्या अन्नावर आणि घरच्यांच्या सोसण्यावर चालत असतो. या दोघांवरचा भार जितका कमी होईल तितका करावा, या मतानेच पुढची उत्तरं लिहिली आहेत.

एकदम पूर्ण परिक्रमा करावी, की आधी काही छोटं करून बघावं?

आधी छोटं करावं. चैत्र महिन्यात गुजरातेत उत्तरवाहिनी परिक्रमा होते. रामपुरा ते तिलकवाडा या टप्प्यात नर्मदा उत्तरेकडे वाहते, तेवढ्याच भागाची ही प्रदक्षिणा. अंतर साधारण २१ किलोमीटर, एका दिवसात होते, आणि पलीकडे होडीने जाणं तिथे रीतीला धरूनच आहे. काठ, घाट, आश्रमातली पंगत, ‘नर्मदे हर’चा घोष, या सगळ्याची ओळख तिथे होते.

पण उत्तरवाहिनी झाली म्हणजे पूर्ण परिक्रमा जमेल असं नाही. त्यासाठी आपल्याच भागात सलग चार-पाच दिवस, पूर्ण सामान पाठीवर घेऊन, रोज वीसेक किलोमीटर चालून बघा. पहिल्या दिवशी कोणीही चालतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकवताना काय होतं, त्यावरून खरं उत्तर मिळतं.

अंतर किती आणि दिवस किती लागतात?

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले की २,६०० च्या वर. धरणांच्या जलाशयांना वळसे घालावे लागतात, त्यामुळे पायाखालचं अंतर ३,००० किलोमीटरच्या आसपास जातं. रोज वीस ते पंचवीस किलोमीटर चाललं आणि अधूनमधून विसावा घेतला, तर साडेचार ते सहा महिने धरावेत. शास्त्रात सांगितलेली परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. काही साधू आजही तशीच करतात. काही जण १०८ दिवसांचा संकल्प सोडतात. पहिल्या वेळी दिवसांचा संकल्प सोडू नये असं मला मनापासून वाटतं. आकडा डोक्यात बसला की माणूस ताप अंगावर काढून चालतो.

कधी निघायचं?

चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतो. कार्तिक शुद्ध एकादशी झाली की वाट मोकळी होते. बहुतेक मराठी माणसं एकादशी ते पौर्णिमेच्या दरम्यान किंवा त्यानंतरच्या आठवड्यात परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात. कार्तिकी पौर्णिमेला ओंकारेश्वरात मोठी गर्दी असते, ती ओसरू द्या. पहिले काही दिवस आश्रमांतही जागा मिळते.

नोव्हेंबरच्या मध्याला निघालात तर थंडीत समुद्राकडे पोहोचता, होळीच्या आसपास उगमाचं अमरकंटक येतं आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेवटचा दक्षिण काठ उतरता. डिसेंबर संपत आल्यावर निघणाऱ्याला शेवटचा महिना फार जड जातो. तेव्हा पहाटे चारला चालायला लागून दहा वाजता चाल थांबवावी लागते.

कुठून सुरू करावी?

काठावर कुठूनही करता येते, आणि जिथून उचलली तिथेच पूर्ण करायची असते. अमरकंटक, नर्मदापुरम, नेमावर, जबलपूरचा ग्वारीघाट, सगळीकडून लोक उचलतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना ओंकारेश्वर सोयीचं. मुंबई–भुसावळ–इटारसी मार्गावरच्या खंडव्याला उतरायचं आणि बसने ओंकारेश्वर गाठायचं. सोयीचं असण्याचं दुसरं, जास्त मोठं कारण परतीशी जोडलेलं आहे. ते पुढे येईल.

ओंकारेश्वरात दक्षिण काठावरच्या घाटावर क्षौर, स्नान, संकल्प, कन्यापूजन होतं. छोट्या बाटलीत नर्मदाजल भरून घेतात आणि पुढे रोज सकाळ-संध्याकाळ त्याचीच पूजा करतात. परिक्रमावासी असल्याचं पत्र करून घ्या आणि एक वही ठेवा. वाटेत आश्रम, पंचायत, देवस्थान तिच्यात शिक्का मारून देतात. अनोळखी गावात आपण कोण हे सांगायला ही वही उपयोगी पडते.

नियम पुष्कळ सांगतात. नेमके कुठले पाळायचे?

दोन नियमांना तडजोड नाही. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही. उपनद्या ओलांडता येतात, तिच्या धारेतली बेटं मात्र वर्ज्य. म्हणून ओंकारेश्वरात राहूनही ओंकारेश्वराचं दर्शन आधी घेता येत नाही. ते देऊळ मांधाता बेटावर आहे. दक्षिण काठावरच्या ममलेश्वराला नमस्कार करून निघायचं आणि बेटावर शेवटी जायचं.

हाच नियम परिक्रमेला तिचं खरं रूप देतो. पहिल्या काही दिवसांतच नावडातोडीच्या काठावरून समोर अहिल्याबाईंच्या महेश्वरचा घाट दिसतो. कपडे धुणाऱ्या बायका दिसतात, देवळातली घंटा ऐकू येते. होडीने दहा मिनिटं. पण तुम्ही तिथे पाय ठेवता तो दीड-दोन महिन्यांनी, समुद्राला वळसा घालून आल्यावर.

बाकीचे नियम, म्हणजे पांढरे कपडे, अनवाणी चालणं, स्वतः रांधून खाणं, पैसे न बाळगणं, हे आपापल्या संकल्पाप्रमाणे. निघताना जे बोलाल ते पाळा आणि पाळता येईल तेवढंच बोला. साबण लावून नदीत आंघोळ करू नये, हा नियम कोणी सांगितला नाही तरी पाळा.

एकट्याने म्हणजे खरंच एकट्याने का?

संध्याकाळी बहुधा नाही. मुक्कामी आणखी परिक्रमावासी असतातच. आश्रमात शिरताच ‘कितने मूर्ती हो?’ असं विचारतात आणि तुम्ही ‘एक मूर्ती’ म्हणता. एकट्याला जागा चटकन मिळते, हा एकट्याने जाण्यातला मोठा फायदा. दिवसा मात्र तासन् तास कोणी नसतं. ज्यांना शांतता सोसत नाही त्यांनी हे आधी ओळखावं.

वाटेत कोणाची गाठ पडली, चाल जुळली, तर चार दिवस बरोबर चाला. पुढे वेग जुळेनासा झाला तर नर्मदे हर म्हणून वेगळं व्हायला संकोच नको. परिक्रमेत त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही.

बाई एकटी जाऊ शकते का?

जाऊ शकते. मराठी बायका एकट्याने जातात आणि पूर्णही करतात. काही गोष्टी मात्र कडक पाळाव्यात. मुक्काम सूर्य मावळायच्या निदान तासभर आधी ठरलेला असावा. आश्रमात आधी चौकशी करावी: माताजी आहेत का, कुटुंब राहतं का, आणखी बायका मुक्कामी आहेत का. मनाला पटलं नाही तर कारण न देता पुढच्या गावात जावं आणि कोणाच्या तरी घरी ओसरी मागावी. निमाडातल्या आणि गुजरातेतल्या घरांत बाईला ओसरी नाकारत नाहीत, उलट आत बोलावतात. झाडीचा टप्पा सोबत धरूनच करावा. ११२ हा क्रमांक मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात या तिन्ही राज्यांत चालतो, महिलांसाठी १८१ आहे.

पाळीच्या दिवसांत चालणं थांबवायचं कारण नाही. पूजेबद्दल घरची रीत असेल ती पाळावी. काही आश्रमांत स्वयंपाकघराबद्दल नियम असतात, तिथल्या माताजींना विचारलं की त्या नीट सांगतात. थकवा असेल तर दोन दिवस थांबावं.

सामान काय घ्यावं?

सगळं मिळून सात-आठ किलोच्या वर नको. दोन जोड कपडे, पंचा, हलकं कांबळं किंवा झोपायची पिशवी, खाली घालायला पातळ चटई, ताट-पेला, विजेरी, मच्छरदाणी, दोरी, सुई-दोरा, औषधं, आधारकार्डाच्या छायाप्रती, पूजेची बाटली. हातात काठी हवीच. ओढे उतरताना ती लागते आणि गावाच्या वेशीवरच्या कुत्र्यांसाठीही लागते, मारायला नव्हे, नुसती हातात असायला.

बूट नवे घालून निघू नका. निदान शंभर-दीडशे किलोमीटर वापरलेले आणि बोटांपुढे थोडी जागा राहणारे हवेत. लांब चालून पाय सुजतो आणि मापात बसणारा बूट महिन्याभरात नखं काळी करतो. जाड मोजे तीन जोड. गरम कपडे फेब्रुवारीनंतर जबलपूर किंवा मंडलाच्या टपाल कार्यालयातून घरी पाठवून द्या, पण एक पांघरूण ठेवा. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, तिथल्या रात्री मार्चमध्येही गार असतात.

घरची तयारी काय करायची?

पायांइतकीच मेहनत इथे घ्या. सहा महिन्यांचा माणूस घरातून उठला की त्याची सगळी कामं दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतात. बहुधा बायकोच्या, नवऱ्याच्या किंवा एखाद्या मुलीच्या.

निवृत्त मंडळींनी पहिली गोष्ट लक्षात ठेवावी: हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, आणि परिक्रमाही त्याच सुमाराला उचलली जाते. दाखला राहिला की पेन्शन अडकते आणि तुम्ही तेव्हा बडवानीच्या पुढे असता. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. ते घरी एकदा करून बघा आणि शक्यतो निघण्याआधीच उरका. वयाची ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो.

बाकी: कर्जाचे हप्ते, विजेचं बिल, विम्याचं नूतनीकरण या काळात येत असेल तर त्याची सोय. बँकेच्या खात्यांना वारस लावलेला आहे का ते पाहा. घरातल्या एकाला तरी कुठल्या कपाटात काय आहे ते दाखवून ठेवा. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर त्याची जबाबदारी कोणी घेतली आहे, हे त्या व्यक्तीच्या तोंडून ऐका. ‘होईल काहीतरी’ म्हणून निघू नका.

घरच्यांशी फोनचा करार करा. रोज बोलायचं कबूल करू नका. दर तीन-चार दिवसांनी बोलायचं आणि झाडीत आठवडाभर फोन लागला नाही तरी घाबरायचं नाही, असं ठरवा. त्याचबरोबर किती दिवसांनंतर घाबरायचं तेही ठरवा, आणि तेव्हा कोणाला फोन करायचा तो क्रमांक लिहून द्या. शेवटच्या मुक्कामाचं गाव आणि आश्रमाचा क्रमांक कळवत राहिलात तर तेवढं पुरतं.

एक प्रश्न टाळू नये: मागे काही बरंवाईट झालं तर परत बोलवायचं की नाही? काही जण सांगतात, कळवूच नका. माझं मत उलट आहे. कुठल्या कारणासाठी बोलवायचं ते दोघांनी बसून आधी ठरवावं, म्हणजे ऐनवेळी निर्णयाचं ओझं घरच्या एकट्या माणसावर पडत नाही.

शरीराची तयारी किती दिवस?

तीन महिने. रोज चालणं वाढवत न्या, शेवटच्या महिन्यात ओझं घेऊन. साखर, रक्तदाब, हृदय आणि दात तपासून घ्या. दात म्हटल्यावर लोक आश्चर्य करतात, पण झाडीत दाढ दुखायला लागली तर इलाज नाही. रोज वीस किलोमीटर चालल्यावर साखर आणि रक्तदाब खाली येऊ शकतो. गोळ्यांचं प्रमाण कसं बदलायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः ठरवू नका.

राहायचं आणि जेवायचं कसं?

काठावर आश्रम, धर्मशाळा, देवळं, शाळेचे व्हरांडे आणि घरं. सकाळी बालभोग म्हणजे न्याहारी, दुपारी भोजनप्रसादी, वाटेत कोणीतरी हाक मारून चहा देतं. काही ठिकाणी सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा, आणि स्वयंपाक आपण करायचा. चुलीवर टिक्कड, म्हणजे जाड रोटी, भाजता येणं ही परिक्रमेतली सगळ्यांत उपयोगी विद्या आहे. घरी शिकून जा.

हे सगळं कुठून येतं ते बघत चाला. मोठ्या आश्रमांना देणगीदार असतात. पण कित्येक ठिकाणी एखादी विधवा म्हातारी किंवा दोन बिघ्यांचा शेतकरी घरातल्या पिठातून परकम्मावासीला वाढतो, आणि वाढल्यावर तुमच्याच पाया पडतो. त्या ताटात काय नाही हे बघू नये. मिळेल तेवढं घ्यावं, पानात टाकू नये, भांडी घासावीत, झोपलेली जागा झाडून निघावं. सकाळी निघताना जमेल ते दानपेटीत टाकावं. घरात राहिलात तर पैसे घेत नाहीत, तिथे पुढच्या दुकानातून मुलांसाठी वह्या किंवा घरात साखर-चहा पाठवता येतो. आणि कोणाच्या घरात, विशेषतः पाड्यांवर, विचारल्याशिवाय मोबाइल काढून फोटो घेऊ नये.

आश्रमात पंखा नाही, गरम पाणी नाही म्हणून कुरकुर करणारे परिक्रमावासी वाढले आहेत. त्याचं वाईट वाटतं, कारण ते ऐकून पुढच्याला दार उघडताना हात आखडतो.

पैसे किती न्यावेत?

खायला-राहायला फारसे लागत नाहीत. नावेचं भाडं, औषधं, दाढी-कटिंग, एखादा बूटजोड, देणगी आणि परतीचं तिकीट, हा खरा खर्च. तालुक्याच्या गावात मोबाइलवरून पैसे देता येतात, पाड्यावर नाही. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. बिनपैशाच्या संकल्पाबद्दल आदर आहे, पण पहिल्या एकट्याच्या परिक्रमेत घरी परतण्याइतकी रक्कम शिवलेल्या खिशात असावी. आजारी पडलात तर काठावरच्या गरीब माणसाला तुमच्या गाडीभाड्याची वर्गणी काढावी लागू नये.

शूलपाणीची झाडी खरंच धोक्याची आहे का?

पूर्वी इथे भिल्ल परिक्रमावासींना लुटत, अंगावरचे कपडेही काढून घेत, अशा हकिकती जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतात. आज तसं राहिलेलं नाही. वाटेवर आश्रम उभे राहिले आहेत आणि पाड्यांवरची माणसं स्वतः रस्ता दाखवायला येतात. त्यांना ‘मामा’ म्हणतात. त्यांच्याबद्दल भीती घेऊन त्यांच्या दारात जाऊ नका.

आजची अडचण वेगळी आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाखाली काठावरची जुनी वाट गेली, गावं गेली, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं. नवं देऊळ गोऱ्याजवळ बांधलं. त्यामुळे पायवाट आता डोंगरांमधून चढ-उतार करत जाते. वस्त्या विरळ, उन्हाळ्याकडे पाणी कमी, फोन बेभरवशाचा. दोन दिवसांचं कोरडं खाणं आणि दोन लिटर पाणी जवळ हवं. बडवानीच्या आसपास दोन-चार जणांची सोबत जुळेपर्यंत थांबलात तरी चालेल. डोंगर झेपणार नसेल तर बडवानीकडून शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा डांबरी रस्ता आहे आणि पुष्कळ लोक त्यानेच जातात. त्यात कमीपणा काही नाही, नदी तेवढी दूर पडते.

नर्मदा महाराष्ट्राला जेमतेम ५४ किलोमीटर लागून वाहते, ती याच टप्प्यात, नंदुरबार जिल्ह्यात. धडगाव, मोलगी या भागात एसटी दिसते, पाट्या मराठीत दिसतात. पण घराघरात पावरी किंवा भिलोरी बोलतात. आपलं राज्य आलं म्हणून सगळं कळेल असं धरून चालू नका, हळू बोला, ऐका.

समुद्र कसा ओलांडतात?

दक्षिण काठावर हांसोटच्या पुढे विमलेश्वर येतं. तिथून नाव रेवासागर संगमातून, म्हणजे नर्मदा समुद्राला मिळते तिथून, उत्तर काठावरच्या मिठी तलाईला नेते. भरती असेल तेव्हाच नाव सुटते, त्यामुळे वेळ घड्याळावर नसून तिथीवर असते. कधी मध्यरात्री उठवतात, कधी एक-दोन दिवस थांबावं लागतं. प्रवास तीन-चार तासांचा. बाटलीतलं थोडं जल सागराला द्यायचं आणि थोडं सागराचं घ्यायचं, ही रीत.

नाव मासेमारीची असते. जीवरक्षक जाकीट मागा. माणसं जास्त भरली आहेत असं वाटलं तर पुढच्या नावेला थांबा. दोन्ही टोकांना गुडघाभर चिखल असू शकतो, बूट गळ्यात अडकवून चढा-उतरा.

वाट कशी सापडते?

विचारत. बाणांच्या खुणा, पाट्या आणि मोबाइलचे नकाशे मदतीला आहेत, पण नकाशाला यंदा कुठला ओढा भरला आहे ते ठाऊक नसतं. गुराख्याला विचारा. त्याने ‘बस, दो किलोमीटर’ सांगितलं तर चार धरा.

पाय, पाणी, आजार याची काळजी?

पहिल्या पंधरवड्यात फोड येतात. चटका जाणवला की तिथेच बसून पट्टी लावा, मुक्काम येईपर्यंत थांबू नका. पाणी हातपंपाचं किंवा गाळून-उकळून घ्यावं. जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचं पाणी आणि पूर्ण विश्रांती. ताप तीन दिवस टिकला तर रक्त तपासा, काठावर मलेरिया असतो. साप चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता १०८ वर फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं.

स्नान घाटावरच, आणि घाटावरच्या लोकांना विचारून. धरणांच्या खाली पाणी अचानक वाढतं. भोंगा वाजला की लगेच वर यायचं. नदीत मगरी आहेत हेही विसरू नये.

डांबरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चाला आणि अंधारात चालू नका. परिक्रमेत झाडीपेक्षा महामार्गाची भीती जास्त बाळगावी.

मध्येच घरी यावं लागलं तर?

यासाठी नकाशा एकदा नीट समोर घ्या. महाराष्ट्र जवळजवळ सगळा नर्मदेच्या दक्षिणेला आहे. दक्षिण काठावर असताना घरी आलात तर नदी ओलांडावी लागत नाही. जिथे थांबलात तिथूनच परत सुरू करता येतं. उत्तर काठावर असताना मात्र भरूच, इंदूर, जबलपूर कुठूनही निघा, गाडी पुलावरून नर्मदा ओलांडूनच महाराष्ट्रात येते, आणि रूढीप्रमाणे परिक्रमा तिथे खंडित होते. ओंकारेश्वरच्या दक्षिण काठावरून सुरुवात करण्याचं जास्त मोठं कारण हेच.

ज्यांना सहा महिन्यांची रजा मिळत नाही आणि जे टप्प्याटप्प्याने खंड परिक्रमा करणार आहेत, त्यांनी हे लक्षात घेऊन टप्पे आखावेत. पहिला टप्पा ओंकारेश्वर ते धडगाव. तिथून एसटीने शहादा-नंदुरबारला येता येतं. दुसरा टप्पा अंकलेश्वरपर्यंत, तेही दक्षिण काठावरच, आणि मुंबईची रेल्वे दाराशी. समुद्र ओलांडल्यावर उत्तर काठ एका दमात अमरकंटकपर्यंत न्यावा लागतो, म्हणून सगळ्यांत मोठी रजा त्यासाठी राखून ठेवा. अमरकंटकला वळसा झाला की पुन्हा दक्षिण काठ, आणि थांबायला इटारसी-नर्मदापुरम आहेच.

आणि कोणी गेलं, कोणी दवाखान्यात आहे, आणि तुम्ही उत्तर काठावर आहात, तर? सरळ पूल ओलांडून घरी जा. पुलावरून हात जोडा. मैया पुन्हा बोलावते, असं काठावरचे साधूही सांगतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

परिक्रमा पूर्ण कशी होते?

अमरकंटकला उगमाच्या कुंडाला थेट वळसा नाही. उगमाजवळच्या ‘माई की बगिया’ या बागेच्या बाजूने फिरून दक्षिण काठाला लागायचं, आणि तिथे धार इतकी बारीक आहे की नकळत ओलांडली जाऊ शकते, म्हणून विचारत चालायचं. मग मंडलासमोरचं महाराजपूर, बरमान, नर्मदापुरम, हंडिया करत, इंदिरासागरच्या जलाशयाला वळसा घालून ओंकारेश्वर. निघालेल्या घाटावर पूजा, कन्याभोजन, शिऱ्याची कढाई. त्यानंतरच बेटावर जाऊन बाटलीतलं जल ओंकारेश्वराला वाहायचं.

घरचं एखादं माणूस या दिवशी ओंकारेश्वरला येऊ शकलं तर जरूर बोलवा. सहा महिने त्यांनीही काढले आहेत.

परतीचं तिकीट कधी काढायचं?

निघताना काढता येत नाही. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं. नर्मदापुरमला आलात की दहा-बारा दिवसांची वाट उरते, तिथे तारीख धरून खंडव्याहून तिकीट काढा. एप्रिल-मे सुट्टीचे, गर्दीचे दिवस. थेट गाडीत जागा नसेल तर खंडवा–भुसावळ करून पुढे बदला. विदर्भात जाणाऱ्यांना इटारसीवरून नागपूर सोपं. पूर्णतेच्या दिवशीचंच तिकीट काढू नका. मध्ये दोन दिवस ओंकारेश्वरात नुसतं बसा. सहा महिने रोज उठून चालणाऱ्या पायांना एकदम बारा तास गाडीत कोंबलं की ते सुजतात.

घरी आल्यावर काय होतं?

पहिले पंधरा दिवस पहाटे चारला जाग येते आणि गादीवर झोप लागत नाही. भूक चालण्याच्या हिशोबाची राहते आणि चालणं थांबलेलं असतं, त्यामुळे वजन झपाट्याने वाढतं. सकाळी पाच-सहा किलोमीटर चालत राहा. रक्ताची तपासणी करा, आणि कमी केलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारा. कामावर रुजू व्हायच्या आधी आठवडाभर तरी हाताशी ठेवा.

मावंदं घालायचं असेल तर लगेच घालू नका. महिन्याभराने घाला. सुरुवातीला लोकांना ऐकायचं असतं आणि तुम्हाला बोलता येत नाही, किंवा तुम्ही थांबत नाही. आणि मागे ज्यांनी घर सांभाळलं त्यांचं ऐकायला आधी बसा. गॅस कधी संपला, कोण आजारी पडलं, कुठलं बिल चुकलं. तुमच्या झाडीच्या गोष्टी त्यानंतर.

काठावरच्या लोकांना परत काही द्यायचं असेल तर?

शिक्क्यांची वही उघडा, पत्ते तिच्यात आहेत. छोट्या आश्रमांना विचारून पाठवा, आपल्या मनाने नको. पावसाळ्यानंतर, थंडीच्या आधी कांबळी लागतात. मच्छरदाण्या, तापाची-जुलाबाची औषधं, मलमपट्टी नेहमी लागते. पीठ-डाळ पाठवण्यापेक्षा त्यांच्या जवळच्या किराणा दुकानदाराकडे पैसे भरा, वाहतुकीचा खर्च वाचतो. चातुर्मासात काही आश्रमांत थांबलेले साधू असतात आणि तेव्हा येणारे हात कमी असतात, त्या चार महिन्यांचा शिधा विशेष उपयोगी पडतो. ज्या घरात पैसे घेतले नाहीत, तिथे पुढच्या दिवाळीत एक फोन करा. नाव सांगूनही त्यांना आठवणार नाही कदाचित, कारण तुमच्यानंतर शेकडो जेवून गेलेले असतात. तरी करा.